मदत हवी आहे: रिव्हर्स गिअर टाकला की फ्यूज उडतो

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचा १० अँपिअरचा लाल फ्यूज रिव्हर्स टाकताच उडतो. त्यावर रिव्हर्सचे दिवे आणि पार्किंग सेन्सर आहेत. एरवी काहीच त्रास नाही. दिव्यांचे बल्ब काढून ठेवले तरी तोच प्रकार, म्हणजे दोष बल्बमध्ये नसावा.

गॅरेजवाले म्हणाले, २० चा पिवळा टाका, चालून जाईल. मला ते अजिबात पटलं नाही. फ्यूज वायरिंगच्या रक्षणासाठी असतो. मोठा टाकला तर फ्यूज शाबूत राहील आणि वायर तापून पेटेल. घरची माणसं त्याच गाडीत बसतात हो!

माझा संशय डिकीच्या झाकणाकडे जाणाऱ्या वायरींवर आहे. बिजागरीपाशी त्या सतत वाकतात, तिथे वरचं आवरण तडकतं. सगळं वायरिंग न उकलता शॉर्ट नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं? फ्यूजच्या जागी १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडायचा आणि तो विझेपर्यंत वायर हलवत जायचं, ही पद्धत कुणी वापरली आहे का? त्याआधी सेन्सरचं कनेक्शन काढावं का? पावसाआधी काम उरकायचं आहे, अनुभवी लोकांनी कृपया सांगा.