मदत हवी आहे: शेजारच्या घराला आधार कसा द्यावा?

शेजारी एक तरुण जोडपं राहतं. मोठा मुलगा चार वर्षांचा, धाकटी दीड महिन्याची. वडिलांची नोकरी गेलीये, मदतीला घरात वडीलधारं कोणी नाही. संध्याकाळी बाळ तासन्‌तास रडतं, मग आईचा आवाज चढतो आणि मोठ्याला धपाटे बसतात. परवा जिन्यात दिवा लावायला मी हात वर केला, तर तो पोरगा डोकं झाकून खालीच बसला. तेव्हापासून चैन नाही.

६ ते ८ आठवड्यांच्या सुमाराला बाळांचं रडणं सगळ्यात जास्त असतं, पुढे ३-४ महिन्यांत कमी होतं. हे त्या आईला कोणी सांगितलंय की नाही, कोण जाणे. वैतागून बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूला इजा होते, जीवही जाऊ शकतो. त्यापेक्षा बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवून थोडा वेळ बाजूला जाणं केव्हाही बरं. पण हे तिला उपदेश न वाटता कसं सांगू?

माणसं वाईट नाहीत, पार थकून गेलीत. मोठ्याला रोज तासभर आमच्याकडे खेळायला बोलवावं, म्हणजे तिला जरा पाठ टेकता येईल, असं मनात आहे. कोणी असं केलंय का? वडिलांशी बोलायची सुरुवात कशी केलीत?

अंगावर वळ दिसले किंवा मुलगा स्वतःहून काही बोलला, तर बालसंरक्षण यंत्रणेला त्याच दिवशी कळवणार, हे नक्की. की आत्ताच कळवायला हवं? या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया स्पष्ट सांगा.