बेहडा जगला तर धनेशही जगेल

औषधी झाडं वाचवायची तर गावकऱ्यांना रानात शिरूच देऊ नये, हे काही जणांचं मत मला मुळीच पटत नाही. भीमाशंकरच्या परिसरातलं उदाहरण देतो.

तिथले महादेव कोळी आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या हिरडा-बेहडा गोळा करतात. हिरड्याचं फळ आत बी धरायच्या आधीच उतरवलं आणि वाळवलं की तो बाळहिरडा. उन्हाळ्यात अंगणभर पसरलेला असतो, काळा, सुरकुतलेला, खडखड वाजणारा. पेरणीआधी हातात पैसा येतो तो याच मालाचा.

बेहड्याचं तर पडलेलं फळच वेचायचं, झाडाला धक्काही नाही. आणि जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. मादी स्वतःला आत कोंडून घेते, ढोलीच्या तोंडाला फक्त एक फट ठेवते, नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांनाही भरवतो. अशी ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. दहा रोपं लावून ती भरून निघत नाही हो!

फळाला भाव नसेल तर असं झाड सरपणाला, कोळशाला जातं. म्हणूनच अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने इथे गावकऱ्यांसोबत फेअरवाइल्ड प्रमाणपत्राचं काम केलं: झाड न दुखावता वेचणी आणि मालाला रास्त दाम. आयुर्वेदिक कंपन्यांनी माल घेताना निदान एवढं तरी विचारावं, की हा त्रिफळ्यातला हिरडा-बेहडा कुठल्या रानातला आणि वेचणाऱ्याला किलोमागे किती मिळाले?