प्रतिसाद: दोष कंपायलरचा नाही, डेटाचा

आयबीएम मेनफ्रेमवरचा जुना प्रोग्राम एंटरप्राइझ कोबॉल या कंपायलरच्या (प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आवृत्ती ४ वरून ६ वर नेल्यावर 'जर रक्कम शून्य' ही अट चुकते, म्हणजे नवा कंपायलरच सदोष, हे मला पटत नाही. त्या रकमेच्या फील्डमध्ये (डेटातल्या जागेत) अंकांऐवजी बहुधा स्पेसेस असतात. एब्सिडिकमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात, स्पेस म्हणजे हेक्स (१६ च्या पायातला आकडा) ४० आणि अंक शून्य म्हणजे एफ०. जुना कंपायलर तुलनेआधी फील्ड पॅक करायचा, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक बसवायचा. त्यात डावं निबल (बाइटचा पहिला अर्धा भाग) गळून उरायचा नुसता ०. चिन्हरहित (अधिक-उणे नसलेल्या) फील्डच्या शेवटचं चिन्हाचं निबलही तो स्वतःच दुरुस्त करायचा, त्यामुळे स्पेसेस बिनबोभाट शून्य ठरायच्या. नवा कंपायलर वेगासाठी झोन्ड (पॅक न केलेल्या, बाइटमागे एक अंक) बाइट्सची थेट तुलना करू शकतो, आणि ४० म्हणजे एफ० नव्हे!

एस०सी७ (चुकीच्या अंकीय डेटामुळे प्रोग्राम बंद पाडणारी मेनफ्रेमची त्रुटी) आला तर निदान काम थांबतं. इथे प्रोग्राम सुरळीत संपतो आणि उत्तर चुकतं, याची मला खरी धास्ती वाटते.

म्हणून चाचणीत नमचेक (झोन, पॅक) हा अंकीय डेटा तपासणारा कंपायलरचा पर्याय लावून कंपाइल कराच. चुकीचा डेटा कुठल्या ओळीवर येतो ते तो सांगतो. रन मंदावतो, त्यामुळे प्रॉडक्शनला नको. झोनडेटा (एनओपीएफडी) हा दुसरा पर्याय लावून जुनी वागणूक बऱ्याच अंशी परत मिळते, पण मी ते तात्पुरतंच वापरेन. हा डेटा ज्या फाइलमधून येतो, ती भरणारा प्रोग्राम शोधून फील्डला सुरुवातीलाच शून्य द्या.