कमरेपर्यंत केस आणि मे महिना : 'कापून टाका' म्हणणाऱ्यांना

घोडबंदरची_वेणी

परवाच्या उकाड्याच्या धाग्यात सरळसोट यांनी एक ओळ टाकली आणि सत्तावीस जणांनी तिला अंगठा दिला. ओळ अशी : 'घामाने जीव जातो म्हणून रडायचं आणि कमरेपर्यंतचे केसही मिरवायचे, दोन्ही कसं चालेल? पार्लर गाठा, अर्ध्या तासात प्रश्न मिटतो.' तिथेच उत्तर देणार होते, पण तो धागा आता कूलर कुठला घ्यावा यावर गेलाय (ठाण्याच्या दमट हवेत कूलर घेणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार), म्हणून हा वेगळा.

साहेब, मी कापून पाहिलेत. २०१९ चा मे, खांद्यापर्यंत. त्या महिन्यात जेवढं उकडलं तेवढं आधी कधी उकडलं नव्हतं. खांद्यापर्यंतचे केस धड बांधले जात नाहीत, धड मोकळे राहत नाहीत. रबर लावला की पुढच्या बटा निसटतात, मागचे बारीक केस मानेला चिकटून बसतात आणि कानामागून निघालेली घामाची धार थेट कुर्त्याच्या गळ्यात उतरते. लांब केसांना पीळ द्यायचा, गुंडाळायचे, पेन्सिल खुपसायची. मान मोकळी. ठाण्याला नऊ-दहा नंबरवर वाशी गाडीची वाट बघत पंख्याखाली दाटी करून उभ्या असलेल्या बायका बघा एकदा. मे महिन्यात कुणाचा शेपटा पाठीवर लोळताना दिसला तर मला सांगा.

आपल्याकडे पारा पस्तिशीत असतो, पण हवाच ओली, घाम वाळत नाही. घाम वाळला तरच अंग निवतं. त्यामुळे इथे जे काही आहे ते मान उघडी ठेवण्यात आहे, केस किती इंच यात नाही. मी आठवड्यातून दोनदा धुते, रात्री आठला. पंचाने टिपायचे (खसाखसा पुसायचे नाहीत), पंख्याखाली बसायचं, अकरापर्यंत मुळं कोरडी होतात, मग सैल वेणी घालून झोप. सकाळी धुऊन ओलाच अंबाडा घालून पळणाऱ्यांनी उकाड्याची तक्रार करावी, पण केसांवर ढकलू नये.

सरळसोट

सत्तावीस नाही, एकतीस. आकडा वाढतोय.

मी सक्ती कुणावर केली? पण हिशोब द्या ना. रात्री आठ ते अकरा, आठवड्यातून दोनदा, म्हणजे सहा तास तुम्ही केस वाळवताय. माझ्या घरी बायको आणि मुलगी, दोघींचे लांब. रविवारी बाथरूम साडेदहापर्यंत आमच्या नशिबात नसतं. नंतर मोरीच्या जाळीत जो बोळा अडकतो, साबणाने बुळबुळीत झालेला, तो काढतो कोण? मी. उदबत्तीच्या काडीने. त्या काडीचा अनुभव नसलेल्यांनी मला उपदेश करू नये.

आणि कापले तर खांद्यापर्यंतच का? बॉयकट करायचा होता. अर्धवट उपाय करून औषधाला नावं ठेवायची.

घोडबंदरची_वेणी

बोळा तुम्ही काढता म्हणून केस आम्ही कापायचे. वा.

जटाधारी_वाशी

पुरुष, वय ३४, केस खांद्याखाली चांगले सहा इंच. रोज वाशी ते बेलापूर, पाम बीच रस्त्यावरून बाईक. ताईंच्या सिद्धांताला एक भोक आहे : हेल्मेट. अंबाडा हेल्मेटमध्ये मावत नाही. मावला तर हेल्मेट टाळूवर बसत नाही, कपाळावर तरंगतं, म्हणजे घातलं काय न घातलं काय. मला मानेवर खाली वेणी घालावी लागते, तीही जॅकेटच्या आत, नाहीतर वाऱ्याने तिचा काथ्या होतो. आत सुती रुमाल. ऑफिसात पोचलो की रुमाल पिळतो, अक्षरशः पाणी निघतं.

तरी कापणार नाही. आणि एक निरीक्षण : मला आजवर 'केस काप' म्हणालेले सगळे टकले निघालेत.

सरळसोट

मी टकला आहे हे खरं. पण ते मुद्द्यात कुठे बसतं?

जटाधारी_वाशी

सगळीकडे बसतं हो काका.

निवृत्त_बाई

छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. दोन घट्ट वेण्या, वर बांधलेल्या, लाल रिबिनी. एका मुलीला उकडताना पाहिलं नाही. हल्ली मोकळे सोडतात, वर तेल नको म्हणतात. तेल न लावता उन्हात जायचं म्हणजे टाळू तापणारच. माझ्या सासूबाई रोज टाळूवर खोबरेल थापायच्या, आठवड्यातून एकदा शिकेकाई. ऐंशीव्या वर्षी गुडघ्याला टेकेल एवढी वेणी होती. कसले शाम्पू आणि कसलं काय.

औषधवाली_नौपाडा

बाई, तुमचा मान ठेवून सांगते, टाळूवर तेल थापणं उन्हाळ्यात नको. मी औषधाच्या दुकानात असते. एप्रिल लागला की कोंड्याचा शाम्पू मागायला येणाऱ्यांची रांग लागते आणि निम्म्या जणींच्या कपाळावर तेल ओघळलेलं असतं. कोंड्यामागे जी बुरशी असते, मॅलासेझिया, ती सगळ्यांच्या टाळूवर असतेच. तिला तेलातली मेदाम्लं आवडतात आणि घाम व ओल तर तिचं माहेरच. ज्यांना कोंडा आहे त्यांनी तेल केसांच्या मधल्या भागाला आणि टोकांना लावावं, टाळूला नाही. केटोकोनॅझोलचा (बुरशीवरच्या औषधाचा) शाम्पू घेतलात तर तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवा. लोक फेस आणतात आणि दहा सेकंदांत धुतात, मग 'गुण येत नाही' म्हणून मलाच ऐकवतात.

खोबरेल वाईट असं मी म्हणत नाहीये. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी निघून जातात, यावर २००३ सालचा अभ्यास आहे. तो करणारे तेल विकणाऱ्या कंपनीतलेच संशोधक होते, तेही सांगून टाकते.

घट्ट वेण्यांचं मात्र अजिबात पटलं नाही. वर्षानुवर्षं ताणून बांधलं की कपाळापाशी आणि कानाजवळ केस विरळ होतात. तुमच्या विद्यार्थिनी आता पन्नाशीत असतील, भेटल्या तर कपाळ बघा.

निवृत्त_बाई

भेटतात. सगळ्यांनी कापलेत, काय बघू.

नेरूळ_नोंदवही

सरळसोट यांच्यासाठी एक संदर्भ. पेन्सिल्व्हेनियाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अभ्यास छापला. तापणाऱ्या पुतळ्याच्या डोक्यावर वेगवेगळे विग चढवले, वरून सूर्यासारखे दिवे सोडले. कुठलेही केस असले तरी टाळूपर्यंत पोचणारी उष्णता बोडक्या डोक्यापेक्षा कमी भरली. सगळ्यात कमी घट्ट कुरळ्या केसांत. तेव्हा उन्हात केस छत्रीचं काम करतात, ओझ्याचं नाही.

सरळसोट

पुतळ्याला ८.१२ ची पकडायची नव्हती. आणि त्याचे केस कुणी धुतले, ते कळलं तर लिहा.

(मुद्दा मात्र वाचला. टोपी घालतो आजपासून.)

वाघबीळ_बी_विंग

लांब की आखूड हा ज्यांच्या नळाला पाणी आहे त्यांचा वाद. आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर. कुठल्या बोअरचं पाणी असतं देव जाणे. शाम्पूला फेस येत नाही, बादलीला आतून पांढरं कडं धरतं, बायकोचे केस हातात घेतले तर सुंभ वाटतो. टीडीएस (पाण्यात किती विरघळलंय ते मोजणारा) मीटर आणला, नऊशे दाखवतो. बुकिंगच्या वेळी बिल्डरने 'चोवीस तास पाणी' छापलं होतं, ती पुस्तिका मी जपून ठेवलीय. पाणी दोनदा येतं, सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, त्यात घरातल्यांची डोकी धुवायची की कणीक मळायची?

मोरबेचं_पाणी

म्हणूनच आम्ही खाडीच्या या बाजूला आलो. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण आहे, मोरबे. ८८ मीटरला भरतं, ते भरलं की आमची काळजी मिटली. बायकोचे केस रेशमी आहेत, सांगून ठेवतो. ठाणेकरांनी टॉवर आधी बांधले आणि पाणी नंतर शोधलं.

वाघबीळ_बी_विंग

धरण तुम्ही खांद्यावर वाहून आणलंत का? खालापूर तालुक्यात आहे ते. तुमचं काय त्यात?

खारघर_सेक्टर_अमुक

मोरबेसाहेब, नवी मुंबई म्हणजे फक्त वाशी-नेरूळ का? आमच्याकडे मोरबे नाही, हेटवणे धरणाचं पाणी, आणि उन्हाळ्यात आम्हीही टँकरच बघतो.

मोरबेचं_पाणी

खारघर पनवेल महापालिकेत आहे. फ्लॅट विकताना नवी मुंबई म्हणाले असतील.

खारघर_सेक्टर_अमुक

ही भाषा बरी नव्हे. आपण समोरासमोर असतो तर असं बोलला नसतात.

मोरबेचं_पाणी

बोललो असतो. पाणी पाजून बोललो असतो.

शहापूरचा_भाचा

बराच वेळ गप्प वाचतोय. भातसा धरण आमच्या तालुक्यात. तानसा आमच्या तालुक्यात, १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतोय. ठाण्याला स्वतःचं धरण नाही, त्यांनाही बरंचसं येतं ते आमच्याच बाजूचं. माझी मामी धरणापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राहते आणि मे महिन्यात हंडा घेऊन विहिरीवर जाते. विहीर म्हणजे तळाशी साचलेलं वाटीभर पाणी, ते झिरपेपर्यंत बसून राहायचं. तिचेही केस लांब आहेत. ती कधी धुते हे विचारायचं कुणाला सुचलं का? इथे रेशमी आणि सुंभ चाललंय.

घोडबंदरची_वेणी

माझ्या धाग्यावर धरण फुटलं.

भाच्याचं बरोबर आहे, त्यावर मला बोलता येत नाही. बाकीच्यांनी मात्र वेगळा धागा काढा.

औषधवाली_नौपाडा

वेगळा कशाला, पाण्याचाच प्रश्न आहे. फक्त वाघबीळचे दादा, टीडीएस म्हणजे कठीणपणा नव्हे. तो मीटर विरघळलेलं सगळंच मोजतो, मीठसुद्धा. केसांना छळतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा असं आहे. ते वेगळं तपासून घ्या. नळाला लावायचे ते शॉवर फिल्टर क्लोरीन थोडं कमी करतील, कठीणपणा नाही. त्याला मिठावर चालणारं सॉफ्टनर लागतं.

तोवर केस धुऊन झाल्यावर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या, त्यात अर्ध्या लिंबाचा रस. मग साधं पाणी. एवढ्याने फरक पडतो. डोक्यावर ओरखडे किंवा फोड असतील तर लिंबू नको, झोंबेल.

वाघबीळ_बी_विंग

आरओचं जे पाणी वाया जातं ते आम्ही साठवतो. ते चालेल ना? मीच बायकोला सांगितलंय डोक्याला वापर म्हणून. दोन महिने वापरतेय.

औषधवाली_नौपाडा

अहो! त्यात तर क्षार आणखी घट्ट झालेले असतात. लादी पुसा त्याने.

वाघबीळ_बी_विंग

बरं. हे घरी कसं सांगायचं ते मी बघतो.

मोरबेचं_पाणी

😂

वाघबीळ_बी_विंग

हसा. तुमचं ८८ मीटर आटलं की आम्ही हसू.

निवृत्त_बाई

रिठा आणि कठीण पाणी जमतं. रिठ्याला साबणासारखी साय धरत नाही. हे तरी खरं की तेही खोटं?

औषधवाली_नौपाडा

हे खरं, बाई. साबणाचं आणि कठीण पाण्याचं वैर आहे, रिठ्याचं नाही. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका.

निवृत्त_बाई

छत्तीस वर्षांत एक तरी बरोबर आलं म्हणायचं.

सरळसोट

बायकोने धागा वाचला. माझं टोपणनाव तिला माहीत नव्हतं, उदबत्तीच्या काडीवरून ओळखलं. तिचा एकच प्रश्न होता, 'तुला कुणी विचारलं होतं?' तेव्हा अंबाड्याबाबत माघार. मान मोकळी राहते हे तिने पेन्सिल खुपसून समोर करून दाखवलं. तीन तास वाळवण्याबाबत माघार नाही. आणि मुलगी कापतेय, स्वतःच्या मर्जीने, बारा इंच, विगसाठी द्यायला. माझा काही संबंध नाही, मला धरू नका.

घोडबंदरची_वेणी

बारा इंच देऊनही तिच्याकडे बांधण्यापुरते उरतील असं बघा. नाहीतर माझा २०१९ होईल.

जटाधारी_वाशी

ते पेन्सिलचं नीट सांगा ना कुणी. आत्ता करून बघितलं, सुटतंय.

घोडबंदरची_वेणी

डोकं पुढे वाकवायचं, केस मुठीत घेऊन दोरखंडासारखा पीळ, पीळ आपोआप गोल वळायला लागला की त्याला स्वतःभोवती फिरू द्यायचं. पेन्सिल वरून खाली खुपसायची, थोडे केस टाळूजवळचे पकडायचे, मग उलटी फिरवून गुंडाळीच्या खालून पुन्हा आत. टोक केलेली नको.

जटाधारी_वाशी

पेन्सिल मोडली.

घोडबंदरची_वेणी

दादा, मग भाताचा चमचा. लाकडी. ठेवते आता, टँकर आलाय खाली, आज धुवायचा वार आहे.