निफाडच्या थंडीत अंजीर लवकर आणि गोड कसं पिकवायचं?

मंडळी, मदत हवी आहे. निफाड तालुक्यात द्राक्षबागेच्या बांधाला पूना अंजिराची मोजकी झाडं आहेत, वय पाच वर्षं. जमीन काळी, भारी; पाणी ठिबकवर.

अडचण थंडीची. खट्टा बहार, म्हणजे पावसाळी फळांचा हंगाम, मी धरतच नाही, ती फळं पाणचट लागतात. मीठा बहारासाठी, म्हणजे उन्हाळी फळांसाठी, ऑक्टोबरात छाटणी घेतो. फळं छान धरतात, पण जानेवारीत पारा 5-6 अंशांवर उतरला की सुपारीएवढी होऊन टणक, हिरवीगार बसून राहतात. रंग सुटतो पार एप्रिलमध्ये, तोवर सासवडकडच्या मालाने बाजार भरलेला.

शेणखत भरपूर, फळ फुगताना 0:0:50 (पोटॅशचं विद्राव्य खत), पिकताना पाणी कमी, एवढं करून झालंय. पाणी तोडल्याने गोडी वाढली हे खरं, वेळ मात्र जागची हलली नाही. तांबेऱ्यावर (पानांवरचा बुरशीचा रोग) बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, फवारतो, पानगळ नाही. कच्चं तोडून घरात पिकवा असं कृपया सुचवू नका. तोडलेलं अंजीर मऊ पडतं, गोड होत नाही. इथ्रेल हे फळ पिकवायचं रसायनही नको, पोरं झाडावरूनच खातात.

फळाच्या डोळ्याला (टोकाच्या छिद्राला) तेलाचं बोट लावून पिकवायची जुनी पद्धत ऐकून आहे. आपल्याकडे कुणी केलीय का, नेमकं फळ केवढं असताना? आणि मुख्य म्हणजे, छाटणी सप्टेंबरच्या सुरुवातीला ओढली तर परतीच्या पावसात नवी फूट तांबेऱ्यातून वाचते का?