आर-३२ स्कायलाइनचं हायकास: ठेवायचं की काढायचं?

दक्षिण_गोलार्ध (धागाकर्ता)

निसानची आर-३२ स्कायलाइन जीटी-आर १९८९ साली आली. म्हणजे शेवटच्या वर्षी बनलेल्या गाड्यांनीही आता तिशी ओलांडली आहे. उजव्या हाताचं स्टिअरिंग असल्यामुळे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये या गाड्या खूप गेल्या. अमेरिकेत २५ वर्षांच्या नियमामुळे (तेवढी जुनी झाली की अशी गाडी आयात करता येते) २०१४ पासून जाऊ लागल्या. तिकडच्या मराठी मंडळींपैकी कुणी अशी गाडी घेतली की मागची चाकं वळवणाऱ्या हायकासचं काय करायचं, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

माझं मत स्पष्ट आहे: काढा. मागची चाकं जेमतेम १ अंश वळतात. तेवढ्यासाठी पॉवर स्टिअरिंगच्या पंपाला दुसरा कप्पा, तिथून गाडीच्या पोटाखालून मागेपर्यंत गेलेले तेलाचे पाइप, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, मागचा पॉवर सिलिंडर, स्टिअरिंगचा सेन्सर आणि वेगळं कंट्रोल युनिट, एवढा पसारा सांभाळावा लागतो. पाइप गंजतात, सिलिंडरचे सील झिरपतात, टाय रॉडच्या (सिलिंडरपासून चाकापर्यंतच्या दांड्याच्या) टोकांना प्ले, म्हणजे ढिलाई येते. सिलिंडरच्या जागी लॉक बार (मागची चाकं वळू न देणारा पक्का दांडा) बसवला की गळतीची निम्मी ठिकाणं कमी होतात आणि मागचा टो (वरून पाहिल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलेली दिसतात तो कोन) एका जागी राहतो. ज्यांना ठेवावंसं वाटतं त्यांनी कारण लिहावं.

सबफ्रेम

अजिबात पटलं नाही. तुम्ही बॉल जॉइंटचा दोष हायकासच्या माथी मारताय.

या गाड्यांची "वेगात शेपूट भरकटते" ही तक्रार नेहमीची. आधी तपासणी करा. मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. टायर ३ आणि ९ वाजताच्या जागी धरून हलवा आणि दुसऱ्या माणसाला टाय रॉडच्या आतल्या आणि बाहेरच्या जॉइंटवर बोट ठेवायला सांगा. टकटक लागली तर तो जॉइंट गेला. मग १२ आणि ६ वाजताच्या जागी धरून हलवा. तिथेही खेळ असेल तर चाकाचं बेअरिंग किंवा आर्मचे बुश संशयात घ्या. तीस वर्षांचे सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीचे) रबरी बुश मऊ पडलेले असतात. ते तसेच ठेवून लॉक बार घातला तर अख्खी सबफ्रेमच डुलत राहते आणि शेपूट भरकटायची थांबत नाही.

डॅशबोर्डवरचा हायकासचा दिवा लागत असेल तर दोषाचा कोड वाचा. इंजिन सुरू केल्यापासून १० सेकंदांच्या आत स्टिअरिंग मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना २० अंशांहून जास्त, असं किमान ५ वेळा फिरवायचं आणि ब्रेकही किमान ५ वेळा दाबायचा. दिवा ठरावीक लयीत लुकलुकतो, त्याचा अर्थ सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहे. दोष बहुतेक वेळा सेन्सर, कनेक्टर किंवा कमी झालेलं तेल इथेच निघतो. यातल्या कशासाठीही सिलिंडर उतरवावा लागत नाही.

दक्षिण_गोलार्ध

तपासणीबद्दल सहमत. पण हिशोब बघा. टाय रॉड जिथे चाकाच्या हबला जोडला जातो तो आर्म समजा १२० मिमी लांब आहे. जॉइंटमध्ये १ मिमी प्ले आला की चाक जवळपास अर्धा अंश मोकळं झालं. यंत्रणेचा सगळा पल्ला १ अंशाचा, त्यातला अर्धा ढिलाईत गेला! जॉइंट बदलले तरी ते पुन्हा झिजणारच.

सबफ्रेम

तुमचाच हिशोब तुमच्या लॉक बारला लावा. स्वस्त किटमध्ये फक्त मधला सिलिंडर जाऊन तिथे दांडा येतो, जुने टाय रॉड आणि त्यांची टोकं तशीच राहतात. प्ले तोच आणि अर्धा अंशही तोच. मग मिळवलं काय?

टाय_रॉड

सबफ्रेम यांचा हा मुद्दा सोळा आणे खरा. तरीही मी काढण्याच्या बाजूचा आहे, फक्त काम अर्धवट नको. "फ्यूज काढला, झालं" म्हणणारे खूप दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्यूज काढणं म्हणजे हायकास काढणं नव्हे. सिलिंडरमध्ये दणकट स्प्रिंग आहेत आणि तेलाचा दाब गेला की त्या चाकं मध्यावर आणून धरतात. सुरक्षेसाठीच ती सोय आहे. पण झिजलेले जॉइंट आणि गळके पाइप तसेच राहतात. शिवाय वेगानुसार पुढचं स्टिअरिंग हलकं-जड करणारा सोलेनॉइडही हेच कंट्रोल युनिट चालवतं. ते बंद केलं की पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड लागतं आणि लोक बिचाऱ्या पंपाला दोष देतात. म्हणून सिलिंडर काढला तरी कंट्रोल युनिट जोडलेलं असू द्या.

दुसरी चूक पंपाची, आणि ती महागात पडते. पंप दोन कप्प्यांचा आहे, एक पुढच्या स्टिअरिंग रॅकसाठी (पुढची चाकं वळवणारा भाग), एक हायकाससाठी. मागचे पाइप काढून हायकासच्या तोंडावर बूच मारलं तर त्या कप्प्यातलं तेल कोंडतं. पंप सतत रिलीफ व्हॉल्व्हवर (जादा दाब सोडणाऱ्या झडपेवर) चालतो, तेल तापतं, काळं पडतं आणि शेवटी पंपच जातो. बरोबर रीत अशी: हायकासच्या तोंडातून निघालेलं तेल थेट टाकीच्या परतीच्या नळीत सोडायचं. पंपाकडचं फिटिंग मूळ धाटणीचंच ठेवा, नळी पॉवर स्टिअरिंगच्या तेलाला चालणारी घ्या आणि एक्झॉस्टपासून लांबून न्या. याहून स्वच्छ उपाय म्हणजे हायकास नसलेल्या गाडीतल्या निसानच्या आरबी इंजिनाचा एका कप्प्याचा पंप. तो घेण्याआधी ब्रॅकेट आणि पुलीची रांग जुळते का ते पाहा, नाहीतर पट्टा खाल्ला जाईल.

शेवटी हवा काढायची. पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-बारा वेळा सावकाश फिरवा, तेल भरत राहा, मगच इंजिन सुरू करा. टाकीत फेस दिसला तर बंद करून तो बसेपर्यंत थांबा.

जुनं_लोखंड

सगळे सुट्या भागांबद्दल बोलताहेत, हायकास करतं काय यावर कुणीच लिहिलं नाही. वेगात स्टिअरिंग वळवलं की मागची चाकं क्षणभर उलट दिशेला जातात, त्यामुळे गाडीचं नाक चटकन आत येतं. लगेच ती पुढच्या चाकांच्याच दिशेला वळतात आणि शेपूट सावरतात. हायवेवर लेन बदलताना गाडी जी शांत राहते ती यामुळे. निसानने या गाडीचं सस्पेन्शन हे गृहीत धरूनच बसवलं आहे. चांगल्या अवस्थेतलं हायकास काढणं म्हणजे चालत्या घड्याळातला एक काटा उपटणं.

ज्यांना मूळ अवस्थेतली गाडी हवी असते ते खाली वाकून मागचा रॅक (हायकासचा सिलिंडर) जागेवर आहे का ते बघतातच.

कोल्हापुरी_पाना

हायकास काढलं तर वळणाचा घेर वाढेल ना? गल्लीत यू-टर्न घेताना त्रास नको.

जुनं_लोखंड

नाही. हायकास कमी वेगात काम करतच नाही, त्यामुळे घेरात फरक पडत नाही. तुमच्या डोक्यात १९८७ ची होंडा प्रेल्यूड असावी. तिचं सगळं यांत्रिक आहे. पुढच्या रॅकमधून निघालेला शाफ्ट थेट मागच्या स्टिअरिंग बॉक्सपर्यंत जातो. स्टिअरिंग थोडं वळवलं तर मागची चाकं त्याच दिशेला जास्तीत जास्त १.५ अंश, पूर्ण वळवलं तर उलट दिशेला ५.३ अंशांपर्यंत. त्या गाडीत काढलं तर घेर खरोखर वाढेल. तिथे ना तेल, ना कंट्रोल युनिट, त्यामुळे काढायला कारणही क्वचितच सापडतं. दोन गाड्यांना एकच सल्ला लागू होत नाही.

टाय_रॉड

जुनं_लोखंड, रस्त्यावर तुमचं बरोबर आहे. पण ट्रॅकवर किंवा ड्रिफ्टमध्ये शेपूट सुटलेली असताना चालक उलट स्टिअरिंग मारतो आणि त्याच क्षणी मागची चाकंही स्वतःचा कोन बदलतात. एका वेळी दोघे गाडी सावरायला जातात आणि अंदाज चुकतो. तिथे हायकास नकोच.

दक्षिण_गोलार्ध

सबफ्रेम आणि जुनं_लोखंड यांचं वाचून माझं मत थोडं बदलतोय. गळती नसेल, पाइप गंजले नसतील, तर जॉइंट आणि बुश बदलून हायकास ठेवायला हरकत नाही. पण सिलिंडरच झिरपत असेल आणि पोटाखालचे पाइपही पोखरले असतील, तर दोन्हींवर खर्च करण्यापेक्षा पूर्ण किट घ्या. पूर्ण म्हणजे दांडा, टाय रॉडच्या जागी नवे टो रॉड आणि नवे जॉइंट. फक्त दांडा नको, हे मान्य.

चारचाकी ड्राइव्हवर परिणाम होईल का, अशी शंका असणाऱ्यांसाठी: जीटी-आरच्या अटेसाचं (चारचाकी ड्राइव्हच्या यंत्रणेचं) तेल आणि पंप वेगळे आहेत, हायकास काढल्याने त्याला धक्का लागत नाही. मात्र पाइप सोडताना कोणता कुठला ते खूण करून ठेवा.

सबफ्रेम

चला, निम्म्या वाटेवर भेटलो. काढणाऱ्यांनी अजून दोन गोष्टी करा.

एक, सिलिंडर भंगारात टाकू नका. तोंडं बंद करा, आत थोडं तेल असू द्या आणि जपून ठेवा. पोटाखालचे पाइप धड असतील तर दोन्ही टोकांना टोपणं लावून जागेवरच राहू द्या. पुन्हा बसवायची वेळ आली तर हेच उपयोगी पडतं.

दोन, दांड्याचे आतले बिजागर मूळ रॅकच्या बिजागरांच्या जागीच येतात का ते तपासा. १० मिमी वर-खाली झाले तरी सस्पेन्शन दबताना टो बदलत जातो आणि खड्ड्यात गाडी आपोआप वळल्यासारखी वाटते. त्या बाजूची स्प्रिंग उतरवा, चाक जॅकने १० मिमीच्या टप्प्यांनी वर न्या आणि प्रत्येक टप्प्याला टो मोजा. आकडा सरकत असेल तर दांड्याखाली पॅकिंग देऊन उंची जुळवा. चारही चाकांची अलाइनमेंट त्यानंतर. मागचा टो-इन (चाकांची पुढची टोकं आत झुकणं) अगदी हलका, डावा-उजवा सारखा, आणि लॉकनट कसून झाल्यावर पुन्हा एकदा मोजलेला. नट कसताना रॉड फिरतो आणि टो बिघडतो.