मदत हवी आहे: जुनी सॅव्हेज ९९ रायफल घ्यावी का? आणि हे ‘३०३’ नेमकं कुठलं?

मंडळी, नमस्कार. पेन्सिल्व्हेनियात राहतो. लिव्हरवाल्या (चापाखालची कडी ओढून काडतूस भरायच्या) जुन्या शिकारी रायफली जमवायचा नाद लागून दोनच वर्षं झालीत. संग्रह कसला, एकच विंचेस्टर ९४ आहे, १९६४ च्या आधीची (त्यानंतरच्या घडणीला इथले जुने लोक नाकं मुरडतात). तिचीही मी माती केली. नळीवरची तपकिरी झाक गंज समजून तारेच्या घासणीने काढली, दिवाळीआधी चिंच लावून समई घासावी तशी. लखलखीत झाली! एका जुन्या संग्राहकाने हातात घेतली आणि काही न बोलता परत ठेवली. म्हणून या खेपेला आधी विचारतोय.

शेजारच्या आजींना त्यांच्या यजमानांची सॅव्हेज विकायची आहे, ६०० डॉलर म्हणतात. नळीवर ‘युटिका, न्यू यॉर्क’ कोरलंय. घोडा (बार उडवायला आपटतो तो भाग) बाहेर दिसतच नाही, सगळं पोटात. डाव्या अंगाला इवलीशी खिडकी आणि आत पितळी आकडा. सध्या १ दिसतो, बहुतेक अडकलाय. दस्त्याला मागून कुणीतरी रबरी गादी ठोकलीये. वर दुर्बिणीसाठी भोकं मात्र पाडलेली नाहीत.

नळीवर ‘३०३ सॅव्हेज’ आहे. म्हणजे आपल्या पोलिसांची थ्री नॉट थ्रीच ना? दुकानातल्या पोराने .३०३ ब्रिटिशचं खोकं पुढे केलं होतं. घेतलं नाही, पण शंका राहिली. आणि त्या गादीमुळे भाव किती पडावा?

प्रतिसाद १

बाकी सगळं नंतर. तो १ अडकलाय असं धरून चालू नका. आत किती काडतुसं उरली तेच तो आकडा सांगतो. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, चापापासून बोट लांब ठेवून लिव्हर उघडा आणि आत बघा. आज करा.

३०३ चं म्हणाल तर नाव तेच, काडतूस निराळं. तुमच्या पोलिसांची थ्री नॉट थ्री म्हणजे .३०३ ब्रिटिश. तिची पितळी खोळ ५६ मिमी, सॅव्हेजची ५१. बसणार नाही, आणि बसवायचा खटाटोपही नको. सॅव्हेजचं काडतूस आता दुकानात क्वचितच दिसतं, बरेच जण घरीच भरतात. तो खर्च धरून ठेवा.

पण रायफल मोठी देखणी कल्पना आहे हो. तुमच्या विंचेस्टरमध्ये काडतुसं नळकांड्यात एकामागे एक असतात. टोकदार गोळी घातली तर तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरला (बुडावरच्या, आपटताच पेटणाऱ्या टोपीला) टेकतं आणि धक्क्याने बार उडायची भीती. म्हणून तिथे चपटी टोकं. आर्थर सॅव्हेजने (माणूस जमैकात जन्मलेला) पोटात फिरती चरखी बसवली आणि तो प्रश्नच मिटवला. कारखाना १९४० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सला गेला, म्हणजे युटिका लिहिलेली तुमची त्याआधीची.

गादीसाठी दस्ता कापला असेल तर संग्राहकाच्या लेखी ती ‘मूळ’ राहिली नाही. भोकं नाहीत ही मात्र जमेची बाजू. मागची पोलादी जीभ लाकडात शिरते तिथे तडा आहे का बघा, या मॉडेलचं ते जुनं दुखणं आहे.

धागाकर्ता

१ खरा होता!

आजींच्या मागच्या अंगणात लिव्हर उघडली, तर आत एक काडतूस. पितळ काळवंडलेलं, बुडावर ‘३०३ सॅव्हेज’. मी दोन महिने ती रायफल ‘रिकामीच आहे’ म्हणून हाताळत होतो, घाम फुटला. आजी म्हणाल्या, “ते नेहमी एक ठेवायचे. मी ओरडायचे.” काडतूस त्यांनी मागून घेतलं.

तडाही सापडला, नख अडकेल एवढा. तो दाखवून भाव पाडायला हवा होता, पण त्या काडतुसानंतर जीभ रेटेना. ६०० लाच ठरवलं, कागदपत्रं शनिवारी.

आता पुढचं सांगा: हा तडा मी घरी एपॉक्सीने भरू, की बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडेच नेऊ? ब्लूइंगला (पोलादावरच्या निळसर-काळ्या थराला) हात लावणार नाही, घासणी टाकून दिलीये.